कोणते ॲप वापरावे? सातवीच्या वर्गासाठी एक सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका पुण्यात सिंहगड रस्ता परिसरातील एका अनुदानित मराठी शाळेत सातवीला मराठी आणि इतिहास शिकवतात. वर्गात ४८ मुले, ३५ मिनिटांची तासिका, संगणक कक्षात चालू स्थितीतले १० जुने संगणक, एक प्रोजेक्टर आणि भरवशाचे नसलेले इंटरनेट, अशी त्यांची परिस्थिती आहे. या सत्रापासून वर्गात सर्जनशील डिजिटल साधने वापरावीत, असे मुख्याध्यापकांनी सुचवले आहे. पालकसभेत मात्र मुलांच्या हातातला मोबाइल कमी कसा होईल, याचीच चिंता व्यक्त झाली. कोणते ॲप घ्यावे, अभ्यासक्रम मागे न पडता ते कसे बसवावे आणि अशा कामाला गुण कसे द्यावेत, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, आपण तीन प्रश्न विचारले असले, तरी मला त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. मुलांना आजवर फळ्यावरचे उतरवून घेण्याची आणि पडद्यावरचे पाहण्याची सवय आहे. ती स्वतः काही रचतील, रचलेले पुन्हा तपासतील आणि बदलतील, यासाठी यंत्राची मदत नेमकी कोठे होते, हा तो प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड उघडून दीक्षा या शासकीय शैक्षणिक मंचावरची चित्रफीत दाखवणे, प्रोजेक्टरवर नकाशा दाखवणे, पाठाच्या शेवटी प्रश्नमंजूषा घेणे ही सगळी उपयुक्त कामे आहेत आणि ती चालू ठेवावीत. पण त्यांत मूल प्रेक्षक किंवा उत्तरे देणारे असते. मुख्याध्यापकांनी वापरलेल्या ‘सर्जनशील’ या शब्दाला अर्थ यायचा असेल, तर निर्णय मुलाने घ्यायला हवेत, आणि तेही चमकदार चौकटीचा रंग निवडण्याइतके किरकोळ नकोत.

पुण्यातल्या मराठी शाळांत शिकवताना आणि पुढे शिक्षकांची प्रशिक्षणे घेताना माझे एक मत पक्के झाले आहे. वर्गात यंत्र आणण्याचे सर्वांत मोठे कारण दुरुस्तीची सोय हे आहे. आपल्याकडे कच्ची वही आणि पक्की वही अशी पद्धत आहे. मूल कच्च्या वहीत लिहिते, आपण लाल शाईने खुणा करतो आणि ते पक्क्या वहीत फेअर करून आणते. बहुतेक वेळा फेअर करणे म्हणजे तेच शब्द सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिणे असते, कारण मधले एक वाक्य हलवायचे म्हटले तरी बारा वर्षांच्या मुलाला अख्खे पान पुन्हा लिहावे लागते. त्यामुळे निबंधाचा दुसरा, खरोखर वेगळा खर्डा आपल्या वर्गांत फारसा जन्मालाच येत नाही. ध्वनिमुद्रणातले एक वाक्य काढले तर बाकीचे जसेच्या तसे राहते, आणि चित्रांच्या मालिकेतली चार चित्रे बदलली तर उरलेली पुन्हा काढावी लागत नाहीत. चूक सुधारण्याचे कष्ट इतके कमी झाले, की मूल स्वतःच्या कामाकडे परत जायला तयार होते. म्हणून कोणतेही साधन समोर आले, की मी एकच गोष्ट तपासून पाहते: तीन दिवसांनी मुलाला आपले काम उघडून त्यातला एखादा भाग बदलता येईल का, आणि काय बदलायचे हे ठरवायला त्याला विषयाचा विचार करावा लागेल का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर साधन साधे असले तरी चालते.

पुढे जे लिहीत आहे, त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगायला हवे. आपल्या वर्गातली किती मुले सलग लिहू शकतात, संगणक कक्ष आठवड्यातून कितीदा मिळतो, शेजारच्या वर्गातल्या बाई आवाज सहन करतात का, शाळेत सुट्टीनंतर तासभर थांबता येते का, या गोष्टी मला माहीत नाहीत. साठ मुलांच्या वर्गात जे जमते ते पंचवीसच्या वर्गात अधिक सोपे होते, असेही नेहमी घडत नाही, कारण मोठ्या वर्गातली मुले गटात काम वाटून घ्यायला सरावलेली असतात. तेव्हा पुढचे प्रमाण आणि वेळा आपल्या वर्गाप्रमाणे बदलून घ्याव्यात.

आपल्या जागी मी असते, तर सुरुवात आवाजापासून केली असती. याची कारणे व्यावहारिक आहेत. ध्वनिमुद्रण कोणत्याही साध्या फोनवर होते, त्याला इंटरनेट लागत नाही, मुलांचे डोळे पडद्याला चिकटत नाहीत, आणि ज्या मुलाला लिहिताना शुद्धलेखन अडवते ते मूल इथे मागे पडत नाही. दृष्टी कमी असलेल्या मुलालाही त्यात पूर्ण वाटा मिळतो. विषयाचा मेळही आपसूक बसतो. सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासाच्या साधनांपासून होते, आणि भौतिक व लिखित साधनांबरोबर तिथे मौखिक साधने येतात. ओव्या, पोवाडे, लोककथा ही नावे मुले पाठ करतात. पण मौखिक साधन मिळवायचे कसे आणि पारखायचे कसे, हे त्यांना करून पाहायला क्वचितच मिळते.

आपली शाळा सिंहगड रस्त्यावर आहे, म्हणजे मुठा नदी आणि खडकवासल्याकडून येणारा कालवा दोन्ही जवळ आहेत. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या पाण्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. तेव्हा शाळकरी असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांतली काही आपल्या मुलांच्या घरांत, सोसायटीत किंवा गल्लीत असतील. सगळ्याच मुलांना असे कोणी भेटेल असे नाही, कारण आता या भागात बाहेरून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी विषय रुंद करावा: घरातल्या मोठ्या माणसाच्या लहानपणी पाणी कोठून यायचे, गावात पूर किंवा दुष्काळ आला तेव्हा काय केले. लातूर, बीड किंवा सोलापूरकडून आलेल्या घरांत या प्रश्नाची उत्तरे पुराच्या आठवणींइतकीच मोलाची मिळतात.

मुलाखतीला जाण्यापूर्वी एक तासिका फक्त प्रश्नांवर द्यावी. ‘तुम्हाला भीती वाटली का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘पाणी येतेय हे तुम्हाला कसे कळले?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. मुलांनी आपापले पाच प्रश्न लिहावेत, शेजाऱ्याला विचारून पाहावेत आणि एका शब्दात उत्तर मिळणारे प्रश्न स्वतःच खोडावेत. दुरुस्तीची पहिली फेरी इथेच होते, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. मुद्रण करताना पंखा बंद ठेवावा, खिडकी लावावी आणि फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, पण अगदी समोर न धरता थोडा बाजूला धरावा. नाहीतर फ, भ, ख यांसारख्या महाप्राण वर्णांचा श्वास माइकवर आदळतो आणि ऐकताना फटफट आवाज येतो. सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, गाव, आजची तारीख आणि ‘हे मुद्रण वर्गात ऐकवायला माझी हरकत नाही’ हे वाक्य त्यांच्याच आवाजात घ्यावे.

यातला सर्वांत फलदायी भाग त्यानंतर येतो. सात-आठ मिनिटांच्या मुलाखतीतून ९० सेकंदांचा तुकडा तयार करायचा. मर्यादा जितकी कडक, तितका विचार अधिक करावा लागतो. संगणक कक्षात ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची मोफत प्रणाली बसवून घ्यावी. संगणक फार जुने असतील तर तिची जुनी आवृत्ती चालते. पडद्यावर आवाजाची लाट दिसते, बोलणे कोठे थांबले हे डोळ्यांना कळते, आणि नको तो भाग निवडून काढता येतो. मुलांना हे तंत्र एका तासिकेत येते. वेळ लागतो तो काय ठेवायचे हे ठरवायला. एकच मुलाखत मी मुद्दाम दोन गटांना देते आणि दोन्ही तुकडे वर्गात लागोपाठ ऐकवते. समजा, आजोबा म्हणाले आहेत, “आम्हा पोरांना तर मजाच वाटत होती, आई मात्र देवासमोर बसून रडत होती.” एका गटाने पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसऱ्याने उरलेला, तर दोन वेगवेगळे इतिहास तयार होतात. दोन्ही गटांनी एकही शब्द खोटा घातलेला नसतो. या ठिकाणी थांबून, आजोबांनी हा तुकडा ऐकला तर ‘मी असेच म्हणालो होतो’ असे ते म्हणतील का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. साधनांचे मूल्यमापन करावे लागते, हे पुस्तकातले वाक्य मुलांना अशा वेळी खऱ्या अर्थाने कळते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर दोन्ही गट आपापला तुकडा पुन्हा उघडून सुधारतात, आणि हा दुसरा खर्डाच मला हवा असतो.

फाइलींची बाब किरकोळ वाटली, तरी काम बहुधा तिथेच अडते. ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल वेगळी असते आणि ऐकवण्यासाठी काढलेली एमपीथ्री फाइल वेगळी असते. मुले एमपीथ्री तेवढी जपतात आणि प्रोजेक्ट फाइल पुसून टाकतात. मग सुधारणा करायला मूळ मांडणीच उरत नाही. प्रत्येक गटाच्या नावाचा फोल्डर करून त्यात दोन्ही ठेवाव्यात आणि आठवड्याअखेर सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. जागेची काळजी करण्याचे कारण नाही. बोलण्याच्या मुद्रणाला एका वाहिनीचा (मोनो) ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, एवढा दर्जा पुरतो, आणि त्यात एका मिनिटाला अर्ध्या एमबीहूनही कमी जागा लागते.

ज्यांना याचा मोठा आवाका पाहायचा असेल, त्यांनी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह जरूर पाहावा. लाखाहून अधिक ओव्या त्यात नोंदवल्या गेल्या आणि आता तो ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून सर्वांना खुला आहे. एखादी ओवी वर्गात ऐकवून, गाणारीचे नाव आणि गाव का नोंदवले असेल असे मुलांना विचारले, तर आपल्या मुलाखतीची नोंद नीट का करायची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आवाजाचे काम एकदा झाले, की पुढच्या सत्रात चित्र हलवण्याकडे जाता येईल. एकेक छायाचित्र घेत वस्तू थोडी-थोडी सरकवायची आणि ती चित्रे वेगाने दाखवायची, या पद्धतीला स्टॉप मोशन म्हणतात. त्यासाठी फोनवर मोफत ॲप मिळतात, आणि त्यांतले कोणतेही साधे ॲप चालेल. दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी वाटाण्याचे रोप उगवताना ठरावीक अंतराने टिपून त्याची छोटी चित्रफीत केली होती, आणि ती दाखवून भांडवल उभे केले होते. मुलांना हे सांगावे, कारण ही कला आपल्याकडे अशाच घरगुती खटाटोपातून सुरू झाली हे कळले, की महागडी साधने नसल्याची त्यांची खंत जाते.

स्टॉप मोशनचा हिशेब आधी करून घ्यावा लागतो. सेकंदाला १२ चित्रे धरली, तर २० सेकंदांना २४० चित्रे होतात, आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत ते होत नाही. सेकंदाला ६ चित्रे धरून १५ सेकंदांची फीत ठरवली, तर ९० चित्रे लागतात, आणि सरावलेला गट तेवढी एका तासिकेत काढू शकतो. हालचाल थोडी तुटक दिसते, पण आशय पोहोचतो. फोन हलू नये म्हणून दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या रचून वर पट्टी टाकावी आणि फोन खाली तोंड करून ठेवावा. खिडकीतून येणारा उजेड ढगांबरोबर बदलतो आणि चित्र लुकलुकते. म्हणून पडदे ओढून ट्यूबलाइटच्या उजेडात काम करावे, आणि फोनमध्ये प्रकाश व फोकस कायम ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

इतिहासासाठी माझा आवडता विषय कात्रजचा नळ आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले गेले आणि ते शनिवारवाड्यात व पेठांतल्या हौदांत खेळवले गेले. मुलांनी कागद कापून तलाव, दगडी नळ, उच्छ्वास (नळावरचे हवेचे उभे मार्ग) आणि हौद करायचे आणि निळ्या कागदाचे पाणी पुढे सरकवायचे. नळाचे चित्र बहुतेक गट पहिल्यांदा आडव्या सरळ रेषेत काढतात. पाणी सरकवायची वेळ आली, की एखादी मुलगी हमखास विचारते, “पण हे पाणी पुढे जाईल कशाने?” मग उतार द्यावा लागतो. मग उतार किती असावा, मध्ये टेकाड आले तर काय, उच्छ्वास कशासाठी, असे एकामागून एक प्रश्न येतात. धड्यातले ‘नळाने पाणी आणले’ हे वाक्य वाचताना यांतला एकही प्रश्न कोणाला पडलेला नसतो. पहिली फीत पाहून झाली, की उताराचा भाग तेवढा पुन्हा चित्रित करायचा आणि जुन्या चित्रांच्या जागी घालायचा.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे, तर पहिल्या सत्रात आवाजाचे एक काम आणि दुसऱ्या सत्रात चित्रांचे एक काम आपल्या वर्गाला पुरेसे आहे. दोन्ही कामांत मर्यादा आपण ठरवायची, आशय मुलांनी ठरवायचा, आणि पहिले काम वर्गापुढे आल्यानंतर ते सुधारायला राखीव वेळ द्यायचा.

संगणकांचा आपण उल्लेख केलात, म्हणून स्क्रॅचबद्दल लिहिते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली मुलांसाठीची ही प्रोग्रामिंग प्रणाली सर्वांसाठी खुली केली. ती मोफत आहे आणि तिची इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीही मिळते. ठोकळे जोडून पात्रांना हालवता-बोलवता येते, त्यामुळे पाठातला संवाद मुले पडद्यावर उभा करू शकतात. कोण आधी बोलणार, दुसऱ्याने किती सेकंद थांबायचे, पात्र कधी वळणार हे सगळे सांगावे लागते आणि संवादाची रचना मुलांना उलगडून पाहावी लागते. दुरुस्तीच्या कसोटीवर हे साधन उत्तम उतरते. अडचण दहा संगणकांची आहे. ४८ मुले एकदम बसवली, तर एका संगणकाला पाच मुले येतात, एकाच्या हाती माउस राहतो आणि बाकीची मान उंचावून पाहत राहतात. माझ्या निरीक्षणात तो माउस बहुधा घरी संगणक असलेल्या मुलाकडे जातो आणि मुली मागे सरकतात. म्हणून अर्धा वर्ग कक्षात आणि अर्धा वर्ग कागदावर आराखडा करत बसलेला, अशी विभागणी करावी, जेणेकरून एका संगणकापाशी दोन-तीन मुले राहतील. दर पाच मिनिटांनी घंटी वाजवून माउस पुढच्या मुलाकडे द्यावा, आणि ज्याच्या हाती माउस आहे त्याने शेजाऱ्याच्या सांगण्याप्रमाणेच करावे, हा नियम ठेवावा. दुसऱ्या अर्ध्या वर्गावर लक्ष ठेवायला सहकारी मिळत नसेल, तर या वर्षी स्क्रॅच बाजूला ठेवलेले बरे.

भित्तिपत्रके आणि सादरीकरणे मी शेवटी ठेवते. कॅनव्हासारख्या मांडणीच्या ऑनलाइन साधनांत तयार आराखडे इतके देखणे असतात, की मुलाने केवळ शीर्षक बदलले तरी काम पूर्ण झाल्यासारखे दिसते आणि पुन्हा उघडून बदलावे असे त्यात काही उरत नाही. करायचेच असेल, तर आधी पेन्सिलने कागदावर मांडणी करून घ्यावी आणि आराखड्याऐवजी कोऱ्या पानावर काम द्यावे. मराठी मजकुरासाठी युनिकोड टंकच (फाँट) निवडावा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर अक्षरांची चिन्हे होतात. ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची येतात का, हेही पाहावे. शासनाने २००९ च्या निर्णयाने त्यांची मराठीतली रूपे निश्चित केलेली आहेत, आणि पुष्कळ टंकांत मात्र ती हिंदी वळणाची दिसतात. भाषेच्या शिक्षिकेने यावर आग्रह धरायला हवा, असे मला मनापासून वाटते.

सूचना लिहिताच चित्र किंवा मजकूर करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल आजकाल प्रत्येक प्रशिक्षणात विचारणा होते. सातवीच्या मुलांच्या हाती ती देऊ नयेत, असे माझे मत आहे. त्यांतल्या अनेकांच्या अटींतच किमान वय १३ किंवा १८ ठेवलेले असते, आणि आपली बरीच मुले त्याखालची आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कात्रजच्या नळाचे तयार चित्र पडद्यावर आले, तर पाणी पुढे कशाने जाईल हा प्रश्न पडण्याची जागाच जाते. आपण स्वतः असे एखादे चित्र करून आणून त्यातल्या चुका मुलांना शोधायला लावणे, एवढा उपयोग मात्र चांगला होतो.

आता पालकांविषयी. त्यांची चिंता रास्त आहे आणि तिला उत्तर कामाच्या रचनेतूनच द्यावे. घरी फोन लागेल असा गृहपाठ देऊ नये. फक्त मुलाखतीच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाने आपल्या फोनवर मुद्रण करून द्यावे, एवढीच विनंती करावी. शाळेसाठी पालकांकडून जुने, वापरात नसलेले फोन मागावेत. सिमकार्ड नसलेला, विमान मोडवर ठेवलेला फोन हा कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक म्हणून पूर्णपणे पुरतो, त्यावर इंटरनेटवरचे काही उघडत नाही, आणि असे तीन-चार फोन आठ गटांच्या वर्गाला आळीपाळीने चालतात. घेण्यापूर्वी त्यातली सगळी खासगी माहिती पुसून द्यायला पालकांना सांगावे आणि बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. मुलांच्या नावाने कोणतीही खाती उघडू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. खाते लागलेच तर ते शिक्षकाचे असावे, फीतीत मुलांचे चेहरे नसावेत, नाव घालायचे तर पहिलेच असावे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आजी-आजोबांच्या मुलाखती टाकू नयेत. त्या प्रोजेक्टर आणि स्पीकरवर वर्गात ऐकाव्यात, आणि पालकसभेत ऐकवायच्या असतील तर त्या माणसाला पुन्हा विचारावे.

अभ्यासक्रम मागे पडण्याची भीती तेव्हाच खरी ठरते, जेव्हा हे काम आहे त्या कामांत भर म्हणून येते. आकारिक मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत तोंडी काम, उपक्रम आणि प्रकल्प आपल्याला करावेच लागतात. एरवी चार्टपेपरवर चित्रे चिकटवून आणायला सांगितले असते, त्या प्रकल्पाच्या जागी ही मुलाखत ठेवावी. मराठीसाठी मुलाखतलेखन आणि इतिहासासाठी मौखिक साधने, अशी दोन्ही विषयांत तिची नोंद होऊ शकते, आणि दोन्ही विषय आपल्याकडेच असल्यामुळे तासिका जोडून घेणेही सोपे आहे. प्रश्नांना एक, तंत्राला एक, संपादनाला दोन, ऐकण्याला एक आणि सुधारण्याला एक, अशा सहा तासिका मी धरते. वेळ कमी पडला, तर संपादनाची एक तासिका कमी करावी. सुधारण्याची करू नये.

गुण देताना तयार कामाची सफाई मोजण्याचा मोह होतो, कारण ती लगेच दिसते. सफाई बहुतांशी घरच्या सोयींवर अवलंबून असते, म्हणून तिला मी गुण देत नाही. दहा गुण असतील, तर दोन पहिल्या खर्ड्याला, पाच दुसऱ्या खर्ड्यातल्या बदलांना आणि त्यांच्या कारणांना, आणि तीन गुण गटकामातल्या वाट्याला, अशी विभागणी मी ठेवते. कारणे कळण्यासाठी प्रत्येक मुलाने वहीत स्वतंत्रपणे सात-आठ ओळी लिहायच्या: आम्ही काय काढले, काय ठेवले, कशाची जागा बदलली आणि का. या ओळींतून गटात लपलेले मूल कळते, आणि ज्याने माउसला हात लावला नाही पण सगळा क्रम सुचवला, त्यालाही न्याय मिळतो. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी तेच बोलून मुद्रित केले तरी मी स्वीकारते. ‘आवाज स्पष्ट केला’ एवढेच लिहिणाऱ्याला पाचांपैकी दोन, आणि ‘आजोबांचे आईबद्दलचे वाक्य आधी काढले होते, ते परत घातले, कारण त्याशिवाय सगळ्यांनाच मजा वाटत होती असे वाटत होते’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण पाच.

मुख्याध्यापकांना काही दाखवावे लागेल, तेव्हा शेवटचे काम तेवढे न दाखवता एका गटाचा पहिला आणि दुसरा खर्डा लागोपाठ ऐकवावा आणि त्या गटाच्या वहीतल्या ओळी त्यांना वाचायला द्याव्यात. येत्या आठवड्यात करायचे म्हणाल, तर संगणक कक्षात जाऊन दहापैकी किती संगणकांना हेडफोन किंवा स्पीकर जोडता येतात, हे तपासा आणि ऑडॅसिटी दोन संगणकांवर बसवून पाहा. मुलांना तोवर एवढेच विचारा, की त्यांच्या घरात किंवा शेजारी १९६१ चा पूर पाहिलेले कोणी आहे का.